हुंबा हुंबा

एकदा एक वृद्ध चित्रकथी होते, चित्रं दाखवून कथा सांगणारे, नाव येसबा. त्यांचा शिष्य लखमा, लखमाची बायको भिवरा आणि त्यांची लेक सुंद्री. गावोगावी चित्रं दाखवायला कुणी बोलावेनासं झालं, तशी लखमाची चूल एक वेळ पेटे, एक वेळ नाही. अशात शहरातून एक व्यापारी आला. म्हणाला, "मुलांच्या या जुन्या विलायती चित्रकथा नव्याने काढून दे. पसंत पडल्या तर काम कायमचं."

लखमाने जीव ओतला. गोरा साहेब होडीतून जंगलात उतरतो, वाघीण मारतो, काळी माणसं त्याच्या पाया पडतात. साहेबाच्या तोंडाशी अक्षरांनी भरलेले मोठमोठे फुगे. काळ्यांच्या तोंडी एवढंच, "हुंबा हुंबा." व्यापाऱ्याने दिलेल्या नमुन्यात तसंच होतं.

आशीर्वादासाठी त्याने चित्रं गुरूंपुढे मांडली. येसबांनी सगळी पाहिली आणि ते जेवायला बसले.

"आबा, आमटी वाढू?" भिवराने विचारलं.

"हुंबा."

"तिखट झाली का?"

"हुंबा हुंबा."

सुंद्री खुदकन हसली. भिवरा मात्र हबकली. "अहो, आबांची वाचा गेली की काय? वैद्याला आणा जा."

लखमा उठला, तोच येसबांनी त्याचा हात धरला. "बस. तुझ्या चित्रात काळ्या माणसाला एवढंच बोलता येतं. मी काळा, तू काळा, ही पोरही काळी. उद्या हे पुस्तक तिच्या हाती येईल, तेव्हा ती स्वतःला कुठे शोधेल? आपल्या कथेत राक्षससुद्धा मरताना चार शब्द बोलून मरतो. ज्याने हे मुळात काढलं, त्याला त्या माणसांची भाषा कळली नाही, म्हणून त्याने ती मुकी ठरवली. तुझी काय अडचण?"

"आणि व्यापाऱ्याने नाकारलं तर?"

"तर दोघं मिळून पुन्हा दारोदार फिरू. माझा घसा अजून शाबूत आहे."

लखमाने चित्रं पुन्हा काढली. आता साहेबाची होडी वल्हवणारी एक काळी बाई म्हणत होती, "साहेब, बंदूक खाली ठेवा. वाघीण बाळंतीण आहे, पलीकडच्या काठाने जाऊ."

चित्रं बघायला आलेल्या व्यापाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. "मुळात हे नाही." तरी त्याने पान उलटलं, मग आणखी एक. शेवटचं पान संपलं तेव्हा त्याने मान वर केली. "बाईने पुढे काय केलं?"

लखमाने शेजारी बसलेल्या गुरूंकडे पाहिलं. येसबा गालातल्या गालात हसत होते.

तेव्हापासून त्या घरची चूल दोन्ही वेळा पेटू लागली, आणि सुंद्रीच्या खेळात होडीवाली बाई सगळ्यांच्या आधी बोलू लागली.