गुडघ्याएवढ्या उंचीवरचा देव

एकदा एका व्यापाऱ्याने दूरदेशी जायचे ठरवले. गावात त्याच्या दोन चाळी होत्या आणि प्रत्येकीला वेगळा कारभारी होता. आता दोन्ही एकाच्या हाती सोपवायच्या होत्या. त्याच्या विधवा बहिणीचा संसार त्या भाड्यावरच चाले. माणूस निवडताना चूक झाली, तर ती उघड्यावर पडणार होती. म्हणून तो एका वृद्ध आचार्यांना घेऊन चाळी दाखवायला निघाला. सोबत आचार्यांचा शिष्यही होता.

पहिली चाळ विसोबांची. आत पाऊल टाकताच गलका उठला. "विसोबा, मोरी तुंबलीय, कधी बघणार?" "अहो, त्या कौलांचं काय झालं?" विसोबा बिचारे "उद्या गवंडी येतोय, वहिनी" म्हणत घामाघूम झाले. शिष्याला हसू आवरेना.

दुसरी चाळ पंतांची. तिथे सारे चिडीचूप. भाडेकरू अदबीने उभे राहिले. आचार्यांनी अडचणी विचारल्या, तर जो तो म्हणे, "सगळं ठीक आहे, महाराज." शिष्याने मनातल्या मनात पंतांना किल्ल्या देऊनही टाकल्या.

पंत फाटकाशीच थांबले होते. शेवटच्या खोलीत आचार्य शिष्याला म्हणाले, "ती तसबीर काढ बघू."

शिष्य चपापला. परक्याच्या घरी देवाला हात कसा लावायचा? पण गुरूंची आज्ञा होती. तसबीर गुडघ्याएवढ्या उंचीवर लावलेली होती. ती काढताच मागचे पोपडे गळून पडले. भिंत आतपर्यंत ओली होती, वीटसुद्धा हलत होती.

घरातली बाई रडवेली झाली. "पंतांना सांगू नका हो! शेजारणीनं सांगितलं, तर तिलाच खोली सोडायला लावली."

बाहेर आल्यावर आचार्य म्हणाले, "शेटजी, किल्ल्या विसोबांना द्या."

"पण त्यांच्याकडे तर नुसत्या तक्रारी!"

"ऐकून घेणारा असला की लोक बोलतात. तुम्ही दूर असताना भिंत खचू लागली, तर ते आधी कळणार भाडेकरूला. त्याला ज्याच्यापुढे तोंड उघडायची भीती वाटत नाही, असा कारभारी बघा. पंतांनी तोंडं गप्प केली आणि तुमची भिंत आतून कुजली. देव इतक्या खाली कुणी हौसेने लावतं का?"

शिष्य खजील झाला. आपण कुणाला हसलो, ते त्याला आता उमगले.

पुढे तो मुद्दाम त्या खोलीत जाऊन आला. भिंत कोरडी होती. बाई विसोबांवर दाराच्या कडीसाठी तावातावाने ओरडत होती, आणि तसबीर वर, हात जोडायच्या उंचीवर लागली होती.