बाळमुठीचं माप

एका राज्यात, जिथं झाडांना नावं होती आणि पाखरांना वाचा होती, तिथं पाणी डोंगरातून चालत यायचं. डोंगरावर तळं, तळ्यापासून गावापर्यंत मातीखालून खापराचे नळ. ते जळसिद्ध नावाच्या मांत्रिकानं घातले. जाताना म्हणाला, "वर्साला घरटी एक मूठ जोंधळा द्या. त्यावर कुंभार जगेल, कुंभार नळ सांधेल. जशी मूठ, तसं पाणी." एवढं बोलला, धुकं झाला, निघून गेला.

पुढं तिथल्या राजाला बारा वर्सांनी लेक झाली. हर्षानं राजा म्हणाला, "आजपासून पाणपट्टी माझ्या केतकीच्या मुठीनं!" गोजरा दाईनं बाळाची मूठ ओल्या मातीत दाबली, माती भाजली, तेच माप झालं. दाणे मावायचे अकरा. लोकांनी राजाला तोंडभर दुवा दिला.

केतकी वाढली. राजा देवाघरी गेला, ती गादीवर बसली. माप मात्र वाढलं नाही. कुंभार पोटामागं परमुलखात गेले. नळ म्हातारे झाले, त्यांत पिंपळाची मुळं शिरली. पाणी आलं करंगळीएवढं, आणि गावाच्या शेवटच्या घरी तेही पोचेना. त्या घरात होती गोजरा दाई. मानी बाई. तहानेनं ओठ फुटले, पण राणीला निरोप धाडला नाही.

मग एके सकाळी टिटवी सज्जावर येऊन बसली.

"राणी, तुझी दाई सुकतेय. तीन कामं कर, नाहीतर तळं डोंगरात परत जाईल."

"सांग."

"फुटल्या नळात हात घाल. शेवटच्या घरी डोईवरून घागर ने. आणि बापानं माफ केलं, ते तू माग."

केतकीनं नळात हात घातला. नळानं तिची बोटं धरली, म्हणाला, "थकलो गं." तिनं मुळं उपसली, तेव्हा त्यानं हात सोडला. मग तळ्याची घागर डोईवर घेऊन ती कोसभर चालली. दाईच्या दारात पोचली, तर घागर अर्धीच.

दाई घोट घेऊन म्हणाली, "बाय माझी, तू कशाला आलीस? चिखलानं माखलीस बघ."

"दाये, तू सांगितलं का नाहीस?"

"तुझ्याच मुठीचं माप. त्याला उणं कसं बोलू?"

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तशीच ती चावडीवर गेली. "मायबाप, माझ्या आजच्या मुठीनं जोंधळा द्या."

सोनकोंड तेली हसला. "राणीसाहेब, पाणी करंगळीएवढं अन् मूठ मोठी? आधी पाणी दावा!"

"आधी मूठ आटली, दादा. मग पाणी आटलं. ती मूठ माझीच होती."

कुणी हलेना. तेवढ्यात काठी टेकत दाई आली. पदराच्या गाठीत तिचा सांजेचा जोंधळा होता. तिनं केतकीचा चिखलाचा हात उघडला आणि तो भरून दाणे ओतले.

"केवढा गं झाला हात," म्हणाली. "मला दिसलंच नाही."

तेली खाली बघत उठला, घरी गेला, पायली घेऊन आला. त्याच्यामागं सारा गाव.

केतकीनं धाडलेलं बोलावणं ऐकून कुंभार परत आले. नळ सांधले. एकविसाव्या दिवशी डोंगर खळखळला, आणि शेवटच्या घरी पाणी आलं, मनगटाएवढं. त्या पहिल्या पाण्यानं दाईनं राणीचे हात धुतले, लहानपणी धुवायची तसे, बोटाबोटातून.

जुनं माप कुणी फोडलं नाही. ज्या घरी नवा पाळणा हलतो, त्या घरची पाणपट्टी त्या वर्साला त्याच मापानं. बाकी सगळे मोठ्या मुठीनं.

डोंगराचं पाणी दाईच्या घागरीत, घागरीची गोष्ट तुमच्या ओंजळीत. सांडू नका.