टेंगश्यांची फाइल आणि रावसाहेबांच्या दाढा

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे; मी तिथे समोर उभा होतो. म्हणजे त्या दिवशी मी सोलापुरात होतो, पण माझे कान इथेच होते.

आमच्या गावचे नगराध्यक्ष रावसाहेब ढमढेरे निवडणुकीच्या तोंडावर दातांच्या डॉक्टर मृणाल पेडणेकर यांच्या दवाखान्यात घुसले आणि पेशंटच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

“बाई, आता सगळ्या दवाखान्यांच्या फायली तुमच्या संगणकात दिसतात म्हणे. त्या टेंगश्याची उघडा. माझ्याविरुद्ध उभा राहतोय. त्याचं हृदय कमकुवत असलं, तर मला सभेत सांगायचंय.”

“ती त्यांची खासगी बाब आहे, रावसाहेब.”

“मग उद्या तुमच्या दवाखान्याला टाळं लागेल!”

बाईंनी शांतपणे हातमोजे चढवले. “उघडते की! फक्त आम्हा दातवाल्यांना आधी कोणता दात काढला ते भरावं लागतं, तेव्हाच फाइल उघडते. टेंगशे इथे नाहीत, म्हणून त्यांच्या नावावर तुमचाच काढते. एका दातात रक्तदाब दिसतो. हृदयापर्यंत जायचं तर चार दाढा लागतील. आ करा!”

रावसाहेबांनी तोंड असं मिटलं, की पुढच्या दोन सभा त्यांनी नुसत्या हातवाऱ्यांवर निभावल्या. टाळं लावायचा हुकूम सोडायलाही तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून दवाखाना वाचला.

आता कबूल करतो, यात एक थाप आहे. दात विचारणारा रकाना त्या संगणकात नाहीच. पण ती थाप माझी नव्हे, बाईंची.