कमळजा आणि भरतीचं निशाण

एका बंदराच्या गावी कमळजा नावाची एक मुलगी होती. विद्यापीठात ती पहिली आली होती. पण पदवी मिळाली म्हणून नोकरी थोडीच मिळते? त्या राज्यात पदवीधर उदंड झाले होते. एक जागा निघाली की शंभर जण रांगेत. कमळजाने दारोदार उंबरे झिजवले, तेव्हा कुठे तिला बंदरावर काम मिळालं.

काम मोठं नाजूक होतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता. पुरेशी भरती आली तरच त्यावरून गलबत सुटायचं, नाहीतर तळ रुतलाच. चंद्र, वारा आणि पाणी यांचा मेळ घालून कमळजा नेमकी वेळ सांगायची. मग भानजी धक्क्यावर पांढरं निशाण चढवायचा आणि गलबतं निघायची. हा भानजीही पदवीधरच, तिच्यामागून कामाला लागलेला.

तो कधीमधी विचारायचा, "ताई, तुम्ही हे ठरवता तरी कसं?"

"ते तुझ्या डोक्यावरून जाईल. तू आपलं निशाण चढव," कमळजा म्हणायची.

खरं सांगू? तिला भीती वाटायची. आपली विद्या दुसऱ्याला आली तर आपली जागा गेलीच, असं तिच्या मनाने घेतलं होतं. वर्षं गेली. नाव झालं, पण वरची पायरी काही मिळाली नाही.

आणि एक दिवस दवंडी पिटली. राणी दूरदेशी पहिलंवहिलं गलबत पाठवणार होती, आणि त्यावर ताऱ्यांवरून वाट दाखवणारा प्रमुख हवा होता. गाव नुसतं दुमदुमलं. माणसं शिडं शिवायला बसली, ढोल बाहेर निघाले, पोरंटोरं धक्का सोडेनात. कमळजाच्या तर अंगात वारं भरलं. याच कामासाठी ती विद्यापीठात ताऱ्यांची विद्या शिकली होती. ती धावतच राजवाड्यात गेली.

राणी म्हणाली, "तुझ्याइतकं लायक कोणी नाही. पण तुला पाठवता येणार नाही."

"का, राणीसाहेब?"

"तुझ्यावाचून बंदराचं पान हलत नाही. मग तुला सोडू कशी?"

इतकी वर्षं ज्याचा तोरा मिरवला, तेच आता आडवं आलं होतं. डोळे भरून आले, पण ती मुळूमुळू रडत बसणारी नव्हती.

"पौर्णिमेपर्यंत भानजीला तयार करते. मग तरी जाऊ द्याल?"

"त्या दिवशी निशाण कधी चढवायचं ते तोच ठरवेल. तू गलबतावर असशील, पण एक शब्द बोलायचा नाहीस. दांडा ओलांडलात तर पुढे जा. रुतलात तर तू परत धक्क्यावर."

कमळजा तडक भानजीकडे गेली. "भानजी, हे मी तुला केव्हाच शिकवायला हवं होतं. आज बसायचं का?"

"बसायचं कशाला ताई, चला की पाण्यातच उतरू."

मग रोज दोघं खाडीत उतरली. भानजी असे प्रश्न विचारी, की कमळजालाच पुन्हा विचार करावा लागे. शिकवण्यात एवढी मजा असते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

पौर्णिमा उजाडली. ढोल घुमू लागले. कमळजा गलबतावर चढली. पाणी चढलं. तिच्या हिशेबाने वेळ झाली, पण निशाण वर जाईना. खलाशी तिच्या तोंडाकडे बघू लागले. ओरडून सांगावं असं तिला फार वाटलं, पण तिने ओठ घट्ट मिटले. भानजी आपला धक्क्यावर उभा, नजर पाण्यावर. मग वारा फिरला, हातभर पाणी आणखी आत शिरलं, आणि निशाण सरसर वर गेलं.

नांगर उचलला. दांड्यावर येताच तळाशी वाळू खरखरली. सगळ्यांनी श्वास रोखला. आणि गलबत पलीकडे सुटलं.

आपल्या वेळेला निघालो असतो तर रुतलोच असतो, हे कमळजाला कळून चुकलं. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण तिला इतका आनंद झाला, की ती हसतही होती आणि रडतही होती.

समोर उघडा समुद्र होता. सुकाणू धरलेल्या तांडेलाने विचारलं, "बोला ताई, कुठे वळवू?"

"दक्षिणेला," कमळजा म्हणाली.

तात्पर्य: जो आपली विद्या मुठीत आवळून धरतो, तो आपल्याच जागेवर अडकून पडतो. वर चढायचं असेल, तर आपल्या जागी उभा राहील असा माणूस आधी घडवावा.