धाकटीने सोडलेली तार

फार जुनी गोष्ट म्हणावी, तर तेव्हा वीज कुठे होती? तरी जुनीच धरा. तीन वीजघरं होती, सख्ख्या बहिणीच. थोरली आणि मधली कोळशावर चालायच्या, धाकटी डोंगरातल्या पाण्यावर. तिघी एकाच तारेला बांधलेल्या, सगळ्या मुलखाचा भार मिळून ओढायच्या.

एका उन्हाळ्यात भर दुपारी थोरलीची वाफेची नळी फुटली आणि ती बंद पडली. पण घराघरातले पंखे काही थांबले नाहीत. तिचा भार त्याच क्षणी दोघींवर आला.

धाकटी म्हणाली, "ताई, थोडी गावं घटकाभर विजेविना सोडू या."

"सोडायची? लोक नावं ठेवतील. मी काय मेले का? ओढते मी," मधली म्हणाली.

ओढता ओढता ती तापली, धापा टाकू लागली आणि तीही बसली. आता सगळा मुलूख एकट्या धाकटीवर आला. तिच्या डोंगराच्या पायथ्याच्या दवाखान्यात आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत उबेला ठेवलं होतं. धाकटीने दवाखान्याची तार तेवढी धरली, बाकीच्या सोडून दिल्या. मुलूखभर वीज गेली.

"स्वार्थी गं तू," मधली म्हणाली. "आपल्यापुरतं बघितलंस."

"अगं ताई, तुझी भट्टी फुंकणारा पंखासुद्धा विजेवरच फिरतो ना? मीही बसले असते, तर तुला पेटवायला वीज कुणाकडून आणली असतीस? घे, लाव पंखा. आणि आता एकेक गाव घे, हळूहळू."