बोलावल्या पानाची कहाणी

ऐक चूलमाते, तुझी कहाणी. बायांनो, हातातल्या वाती क्षणभर खाली ठेवा आणि कान इकडे द्या.

दूर समुद्रात, फिलिपिन्सच्या बेटांवर, एक आटपाट नगर होतं. तिथं एक राणी होती, आणि किनाऱ्यावरच्या झोपडीत मिलाग्रोस नावाची बाई होती. मासळी सुकवायची, विकायची, एकटीचं पोट भरायची. मासळीचं नाव ऐकून नाक मुरडू नका. ज्याचं त्याचं अन्न.

त्या नगराची एक रीत होती. जेवायला बसलं की दारावरून जाणाऱ्याला हाक मारायची, "या जेवायला." जाणाऱ्यानं म्हणायचं, "झालं माझं, चालू द्या." पोटात कावळे ओरडत असले तरी असंच म्हणायचं. बोलावणाऱ्याची शोभा राहायची, जाणाऱ्याची अब्रू राहायची, आणि भात हंडीतच राहायचा. हसू नका, आपल्याकडं काही वेगळं नाही.

एके वर्षी मोठं वादळ आलं. घरं नेली, होड्या नेल्या, माणसं नेली. लिगाया नावाची एक लहानगी पोर उरली, कडेवर धाकटा भाऊ. ना आई, ना बाप, ना रीत शिकवायला कोणी.

मग ती राणीच्या दारावरून गेली. राणी जेवत होती. सवयीनं म्हणाली, "ये गं जेवायला." पोर बसली. राणी संतापली. "म्हटलं म्हणून लगेच बसतात होय? वळण म्हणून काही नाही." हाताला धरून उठवलं. मग पोर सावकारणीच्या दारावरून गेली. तिनं बोलावलं, पोर बसली, तिनंही उठवलं. मग पोर मिलाग्रोसच्या दारावरून गेली. मिलाग्रोसनंही सवयीनंच म्हटलं बरं का, तोंडात घास असताना, "ये गं जेवायला." हंडीत भात एकीपुरता. पोर बसली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "खरंच ये, का म्हणायचं म्हणून?"

मिलाग्रोसनं हातातला घास खाली ठेवला. जन्मभर आपण किती जणांना असं बोलावलं, आणि किती जण उपाशी पुढं गेले, हे तिच्या मनात आलं. तिला स्वतःचाच राग आला. तिनं आपलं पान पुढं सरकवलं. "खरंच ये. आणि उद्याही ये." पोर जेवली, भावाला भरवलं. मिलाग्रोस नुसतं पाणी प्यायली. मग तिनं चुलीला हात लावून वसा घेतला, "चूलमाते, उतणार नाही, मातणार नाही, बोलावलेल्याला उठवणार नाही."

मग नगराला हे कळलं. कुणी पांगळं पोर तिच्या दाराशी आणून सोडलं. कुणी मुकी मुलगी आणून सोडली. कुणी आई गेलेलं तान्हं आणून ठेवलं. मिलाग्रोसनं सगळ्यांना घरात घेतलं. पोरं तिला नानाय म्हणू लागली. नानाय म्हणजे त्यांच्याकडची आई. आणि नगरातल्या बाया काय म्हणायच्या? "मिलाग्रोस, तू बाई नाहीस, देवी आहेस." एवढं म्हणायच्या आणि घरी जायच्या. तांदळाचा एक दाणा कुणी आणला नाही. का आणतील? देवीचं बरं असतं, नैवेद्य दाखवायचा आणि आपणच खायचा. मला तर हे वाचताना अजून संताप येतो.

मग मिलाग्रोस तापानं अंथरुणाला खिळली. मासळी सुकवायला कोणी नाही, हंडी पालथी पडली. राणीला बातमी लागली. राणीनं काय केलं? पेज धाडली? वैद्य धाडला? नाव नको. नगराच्या उत्सवाला परगावचे पाहुणे यायचे होते, त्यांच्या नजरेला असली पोरं पडायला नको होती. तिनं हुकूम सोडला, "उत्सवाच्या दिवशी पोरांना होडीत घाला, वेगवेगळ्या बेटांवर वाटून टाका. लिगाया तेवढी माझ्याकडं भांडी घासायला राहू दे."

म्हणजे बहीण इथं आणि भाऊ कुठल्या कुठं. शिपाई सांगायला आला. मिलाग्रोसला उठायचं त्राण नव्हतं, पण अंगातल्या तापापेक्षा राग मोठा होता. ती म्हणाली, "राणीला जाऊन सांग, ही मी बोलावलेली पोरं आहेत. यांना पानावरून उठवायचा हक्क मलासुद्धा नाही, मग तिला कुठून आला?" शिपाई हसला आणि गेला.

उत्सवाचा दिवस उजाडला. होडी किनाऱ्याला लागली. इकडं राणीच्या घरी चुली पेटल्या, पण भात शिजेना. लाकडं बदलली, शिजेना. हंडी बदलली, शिजेना. तांदूळ बदलले, तरी शिजेना. पाहुणे पानांवर ताटकळले. मग म्हातारी स्वैपाकीण म्हणाली, "राणीसाहेब, चूल रुसली आहे. तुम्ही एका पोरीला बोलावून उठवलंत. ती बसेपर्यंत या घरात अन्न शिजायचं नाही."

मग राणी अनवाणी किनाऱ्यावर आली. शिपाई धाकट्याला होडीकडं ओढत होता, लिगायानं त्याला घट्ट धरलं होतं. राणी म्हणाली, "ये गं जेवायला."

लिगाया म्हणाली, "खरंच ये, का म्हणायचं म्हणून?"

सगळं नगर ऐकत होतं. राणीनं मान खाली घातली. "खरंच."

"भावालाही?" "भावालाही." "सगळ्यांना?" "सगळ्यांना." "उद्याही?" राणीनं वळून घराकडं पाहिलं. घरी पाहुणे उपाशी, चुलीवर भात कच्चा. मग म्हणाली, "उद्याही." आणि तिनं होडी रिकामी परत धाडली. तिकडं भाताला उकळी आली.

मग पोरं राणीच्या घरी पोटभर जेवली. राणी पालखी घेऊन मिलाग्रोसकडं गेली. "तू देवी आहेस, चल, मानाच्या पाटावर बस." मिलाग्रोस म्हणाली, "मला देवी म्हणू नका. देवीला भूक लागत नाही. मला लागते, माझ्या पोरांना लागते. पालखी न्या आणि तांदूळ आणा."

तेव्हापासून त्या नगरात रांधण्याआधी प्रत्येक घरी मूठभर तांदूळ मिलाग्रोसच्या हंडीसाठी बाजूला पडू लागले. ती बरी झाली. पोरं तिच्या डोळ्यांदेखत मोठी झाली. लिगाया आणि तिचा भाऊ एकाच चुलीपाशी वाढले.

आता हात जोडण्याआधी एक सांगा. मघाशी येताना फाटकापाशी फुलं विकणाऱ्या पोरीला तुम्ही म्हणालात, "प्रसादाला ये हं." ती बाहेर उभी आहे. खरंच म्हणालात, का म्हणायचं म्हणून?

आधी तिचं पान मांडा. मग जशी चूलमाता मिलाग्रोसला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. ही साठ घासांची कहाणी पाच घासांत सुफळ, आणि ती पोर जेवली की संपूर्ण.