झाकणावरची राख

“पण बाबा, झाकण उघडतं कोण?”

भाननाथबाबांनी धुनीतलं लाकूड आत सारलं.

सारंग देवळे डोंगर चढून मठात आला होता खरा, पण अंगातली मिजास काही पायथ्याशी ठेवून आला नव्हता. तालुक्यात कुणाचा लॅपटॉप बिघडला, की लोक त्याच्याच दुकानाची पायरी चढायचे. आणि आज त्याच्याच मांडीवरची लॅपटॉपची पिशवी तव्यासारखी तापली होती.

“सगळं करून पाहिलं. माऊस काढला, वायफाय बंद केलं, खाली पंखा ठेवला. रात्री झाकण लावतो, यंत्र झोपतं. सकाळी बघावं तर झाकण उघडं, स्क्रीन उजळलेला, आतला पंखा घरघरतोय. घरात मी एकटा. दाराला आतून कडी.”

“मग सरळ बंद करून टाक की.”

“बंद...?” सारंगचा आवाज चिरकला. “मृदुलाचा आहे तो. माझ्या बायकोचा. काहीतरी लिहीत बसली होती. छातीत कळ आली, झाकण लावलं आणि उठली... ती गेलीच. लिहिलेलं अजून आत तसंच उघडं आहे, सेव्ह केलेलं नाही. पासवर्ड मला ठाऊक नाही. बंद केला, की गेलं सगळं.”

“आणि नाही केलास तर?”

सारंगने मान खाली घातली. “बॅटरी फुगलीय. एक दिवस पेट घेईल. दुसऱ्या कुणाचा असता, तर त्याला चार शिव्या हासडल्या असत्या मी.”

बाबांनी लॅपटॉप ओट्यावर ठेवला. धुनीतली गार राख मुठीत घेऊन बंद झाकणावर पसरली.

“ती गेली त्या रात्री दिव्याजवळ पीठ पसरलं होतं?”

“आत्याने पसरलं होतं. सकाळी गेलेल्याचं पाऊल उमटतं म्हणे. मी हसलो होतो.”

“बस इथं.”

भर दुपार होती. सारंग खांबाला टेकून राखेवर नजर लावून बसला. पापणी लवू द्यायची नाही, असं त्याने ठरवलंच होतं. पण किती दिवसांचं जागरण ते! डोळा कधी लागला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

जाग आली ती घरघरीने.

झाकण उघडं. स्क्रीन उजळलेला. त्यावर अक्षरं होती : पासवर्ड चुकीचा आहे. कीबोर्डभर राख सांडलेली, आणि झाकणावरच्या राखेत बोटं उमटलेली...

सारंगच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“आली होती! बाबा, तुम्ही पाहिलीत ना? मृदुला आली होती ना?”

बाबांनी त्याचा उजवा हात धरला आणि त्याच्याच डोळ्यांसमोर नेला.

बोटं राखेने माखलेली होती.

“मी...?”

“डोळे सताड उघडे होते तुझे. मी हाक मारली, तर ओळख दिली नाहीस. ‘मृदुला, ऊठ... ऊठ ना गं...’ एवढंच चाललं होतं.”

वारा पडला होता. सारंगला आपल्याच हाताची भीती वाटली. हात अंगापासून लांब धरून तो कितीतरी वेळ बसला.

“म्हणजे इतके दिवस तिला मीच झोपू देत नव्हतो...”

हुंदका फुटला आणि तो लहान पोरासारखा रडला.

मग राखेने माखलेलं तेच बोट त्याने बंद करायच्या बटणावर ठेवलं आणि दाबून धरलं.

स्क्रीन काळा झाला. घरघर थांबली.

त्याने झाकण लावलं आणि वर तळहात ठेवला. ऊब कमी होत होत गेली. यंत्र निवलं, तशा त्याच्या पापण्या जड झाल्या. बाबांनी शेजारी घोंगडी अंथरली.

आडवं होता होता सारंग दचकला. दाराकडे बघत हळूच म्हणाला, “बाबा... मी झोपलो, आणि ती खरंच आली तर?”

“येऊ दे की. मी सांगेन तिला, तो झोपलाय.”